सात नंबरच्या आजींना काय सांगायचं

"खोटं बोललीस की एक बोट दुमड," बाप्तिस्म्याच्या वेळची धर्मआई तिला सांगायची. "संध्याकाळी जेवढी उघडी राहतील तेवढी प्रभूला दाखव. सबबी सांगत बसू नकोस."

लहानपणी ते जमायचं. एखाददुसरं बोट दुमडलं जायचं, तेही सांडलेल्या दुधापायी. आता चाळिशी उलटली होती, ती वृद्धाश्रमात आयाचं काम करत होती, आणि सकाळचा चहा वाटून होईपर्यंत दोन्ही हातांच्या मुठी वळून जायच्या.

बाकीची पापं तिने एकेक करून काढायला घेतली होती. पहाटे प्रार्थना झाली की एकाच पापाचं नाव घ्यायचं: आज हे नाही. चुगली गेली. जावेचा हेवा बराचसा गेला. उलट उत्तर देण्याची खोड तीनदा माघारी आली, पण गेली. खोटं मात्र जाईना, कारण ते तिच्या कामातच बसलेलं होतं.

आयांच्या खोलीत हजेरीच्या वहीवर एक कागद चिकटवलेला होता: 'कोणाला काय सांगायचं'. विसर पडलेल्या माणसांना प्रत्येकीने वेगळं उत्तर दिलं की रडारड व्हायची, म्हणून मेट्रनने खोलीवार उत्तरं ठरवून टाकली होती. दोन नंबर: कुत्र्याला खायला घातलंय. पाच नंबर: शाळेला आज सुट्टी आहे. सात नंबर: ते बाहेरगावी गेलेत, उद्या येणार.

सात नंबरच्या आजी पूर्वी टायपिस्ट होत्या. अजूनही बोलताना त्यांची बोटं मांडीवर टकटक चालायची. दुपारचे चार वाजले की केस विंचरून, पिशवी भरून, दाराकडे तोंड करून त्या बसायच्या. "हे आले का गं?"

'हे' जाऊन चार वर्षं झाली होती. कबरीत पहिली मूठभर माती आजींनीच टाकली होती.

"अगं, ते खोटं नव्हेच," थोरली आया म्हणायची. तिला सगळे आक्का म्हणत. "औषध आहे ते. गोळीला तू पाप म्हणतेस का?"

"गोळी खोटं बोलत नाही, आक्का."

"मग जा संतीणबाई, सांग खरं. आणि दोन तासांचं रडं तूच निस्तर. मी आपला चहा घेते."

तिने पापकबुलीत फादरना विचारलं.

"दयेपोटी बोललेलं प्रभू समजून घेतो," फादर म्हणाले.

"म्हणजे बोलू?"

"तसं नाही म्हटलं मी." मग अगदी हळू, "मला नक्की माहीत नाही, बाळ."

मंगळवारी पहाटे तिने नाव घेतलं: आज खोटं नाही. चार वाजता आजींनी विचारलं. ती शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आजी, आजोबा चार वर्षांपूर्वी गेले."

चालती बोटं थांबली.

"कशानं?"

"झोपेतच."

"मी होते?"

"तुम्हीच होतात शेजारी."

मग आजी रडल्या. रडता रडता पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढून खाटेवर ठेवत राहिल्या. टॉवेल, फणी, आजोबांचा मफलर. आक्का दारात येऊन उभी राहिली. चहाला काही गेली नाही. आत येऊन मुकाट्याने आजींचे पाय चोळत बसली.

सहाच्या सुमारास आजींनी तोंड पुसलं. नजर एकदम स्वच्छ झाली, जुन्या कचेरीतली असावी तशी.

"हे मला रोज सांगत नाही कुणी?"

"नाही."

"मग काय सांगता?"

"उद्या येतील म्हणून."

"म्हणजे मी चार वर्षं दाराकडे बघत बसलेय, आणि सगळ्यांना ठाऊक." त्यांनी मफलरची घडी घातली. "उद्या मी विसरेन. तू पुन्हा सांग."

"आजी, तुमच्या मनाला पुन्हा एवढंच लागेल."

"लागू दे. माझा नवरा आहे. शब्द दे."

तिने शब्द दिला. त्या संध्याकाळी दहाही बोटं उघडी होती, आणि प्रभूपुढे हात वर करायचा तिला धीर झाला नाही.

बुधवारी साडेतीनला मेट्रनने तिला बोलावलं. "कागद कशाला लावलाय मी? शोभेला?"

"त्यांनी शब्द घेतलाय माझ्याकडून."

"आज सकाळी विचारलंस त्यांना? आठवतोय तो शब्द?"

"नाही आठवत."

"मग दिलास कुणाला?" मेट्रनचा आवाज चढला नव्हता. "तुझं पाप धुवायला माझी म्हातारी माणसं नाहीत, बाई."

ती खाली मान घालून उभी राहिली. मेट्रनचं बरोबर होतं. आजींचंही बरोबर होतं. शब्द पाळायचा तर एका बाईला रोज चार वाजता विधवा करायचं. मोडायचा, तर जिने शुद्धीवर असताना एवढी एकच गोष्ट मागितली, तिला कायमचं दाराशी बसवायचं. आणि यात आजींसाठी किती आणि स्वतःच्या स्वच्छ जिभेसाठी किती, हे तिला वेगळं काढता येईना. काल ते सोपं वाटलं होतं.

"मी मनाई केली तर?" मेट्रनने विचारलं.

"ऐकेन की नाही, मलाच कळत नाही."

मेट्रनने चष्मा काढून डोळे चोळले. "चार ते सहा मी खाली कोठारात असते," ती म्हणाली. "तिथे वरचं काही ऐकू येत नाही."

बाहेर फरशी नुकतीच पुसलेली होती. सात नंबरचं दार उघडं होतं, आणि आजी कुणाशी तरी बोलल्यासारख्या आपल्याशीच गुणगुणत होत्या.

"आज स्वारी खुशीत आहे," आक्का म्हणाली. "निळं घातलंय. ह्यांना आवडतं म्हणे." आक्काने तिची बाही धरली. "आजचा दिवस राहू दे की गं."

प्रभूकडे तिने सकाळपासून उत्तर मागितलं होतं. ते अजून आलं नव्हतं, आणि चार वाजायला दोन मिनिटं होती. आजींचे डोळे पुसायला तिने धुतलेला रुमाल घेतला, तांब्याभर पाणी घेतलं, चपला काढून ठेवल्या आणि ओल्या फरशीवरून, पाय न वाजवता, सात नंबरकडे निघाली.