रुमालाखालचा सौदा

शेलूबाजारच्या बैलबाजारात देवमन दलालाने बोटं दाबून भाव ठरवायला रुमालाखाली एका हाताने विकणाऱ्याची बोटं धरली आणि दुसऱ्याने घेणाऱ्याची, की सौदा जमलाच म्हणायचा. जमत नव्हता तो फक्त घरच्या बायकोशी. रक्ताच्या कॅन्सरवर डॉक्टरांनी सुचवलेली नवी सुई लिलाबाईला नको होती.

पुण्यात अशीच औषधं घडवणारी भाची धम्मदीपा समजावायला आली.

“मामी, या औषधाले दोन हात असतात. एका हातानं ते आपल्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशीले धरते, दुसऱ्यानं कॅन्सरच्या पेशीले. दोघी समोरासमोर आल्या का लढणारी दुसरीले मारते.”

“हा तं माहाच धंदा!” देवमन फुलला.

“म्हनूनच नको,” लिलाबाई म्हणाली. “यायनं जमवलेल्या जोडीतला एक बैल लंगडाच निघते.”

“हा दलाल लबाडी नाही करत, मामी. पन सुरवातीले ताप येऊ शकते, म्हनून दवाखान्यात राहा लागते.”

देवमनने सवयीने बायकोच्या हातावर रुमाल टाकला. त्याने बोट दाबायच्या आधीच ती बोलली, “सुई घेतो मी. पन तुमी उशाशी बसान, आन तोंड बंद ठेवान.”

पहिल्या बोलीला जन्मात कधी हो न म्हटलेल्या देवमनने मुकाट्याने तिची बोटं धरली.