बिनमाराचा

उद्धवकडचं आमंत्रण आलं की मी म्हणते, चला, मार खायला. खायला म्हणजे ऐकायला. पुण्याच्या सेंट कॉनराड बॉईज हायस्कूलमधून शिकून सिंगापूरला आलेली मुलं वर्षातून एकदा, रविवारी दुपारी, त्याच्या बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत जेवायला जमतात. मुलं म्हणायचं ते रीत म्हणून. एकाची बायपास झाली आहे आणि बाकीच्यांच्या टकलांवर दिवा चमकतो.

जेवणं उरकली की खुर्च्या गोल मांडल्या जातात आणि एकेकानं शाळेत खाल्लेल्या माराची गोष्ट सांगायची. कशानं मारलं, कुठे मारलं, कोणासमोर मारलं. कोणाच्या डोक्यात डस्टर बसलेलं असतं, कोणाला चर्चसमोरच्या खडीवर गुडघ्यांवर उभं केलेलं असतं. मार जितका मोठा, तितकं हसू मोठं. आणि शेवटी कोणीतरी डोळे पुसत म्हणतोच, "पण यार, त्यानेच घडलो आपण." घडले म्हणे! त्यातला एक घडलेला बायकोनं दार जरा जोरात लावलं तरी अजून दचकतो, हे मला त्याच्या बायकोनंच सांगितलंय.

माझा नवरा प्रबोध यात कधी गोष्ट सांगत नाही. त्याची पाळी आली की तो हात हलवून म्हणतो, "मला नाही बाबा कोणी मारलं." म्हणून या कंपूत त्याचं नाव पडलं बिनमाराचा. फादरांचा लाडका असणार लेकाचा, असं म्हणतात. तोही हसतो. प्रबोध हसतो फार छान, पण इतरांपेक्षा किंचित उशिरा हसतो. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. मंडळी हसली की तो चेहरे बघतो आणि मग हसतो. लग्नाला सोळा वर्षं झाल्यामुळे हे मला दिसतं, इतरांना दिसत नाही, कारण त्यानं ते कोणाला कळूच दिलेलं नाही. बसायचं ते डावीकडे भिंत येईल असं, फोन उजव्या कानाला, आणि चालताना मी कायम त्याच्या उजव्या हाताला.

कान गालगुंडांत गेला, असं आमचं लग्न ठरतानाच सांगितलं होतं. सासूबाईंनी, मालतीबाईंनी, स्वतः सांगितलं होतं. "सातवीत होता, दोन्ही गाल हे एवढे सुजले होते," म्हणून हातांनी दाखवलंही होतं. गालगुंडांत कान जातात, हे मीही ऐकून होते. त्या आता नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायची सोय राहिलेली नाही.

यंदा त्याचा उजवा कानही कमी होऊ लागला. आमची अवनी दुसऱ्या खोलीतून हाक मारायची आणि मग कंटाळून मला सांगायची, "आई, बाबा can't hear lah, you go and tell." घरात ते चालून गेलं. पण चांगी बिझनेस पार्कमध्ये तो ज्या बँकेत काम करतो, तिथे सगळा दिवस कॉलवर जातो. दोनदा त्यानं न विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. मॅनेजरनं त्याला बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना? नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला आणि पास गेला की आमचं इथलं घर गेलं, हे या देशात पोरांनाही कळतं. मी त्याला हाताला धरून हॉस्पिटलात नेलं.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. उजव्या कानाबद्दल त्या म्हणाल्या की तो हळूहळू जातच राहील, पाच-सात वर्षांत यंत्र लावूनही फारसं ऐकू येणार नाही. मग त्यांनी डाव्या कानाचा स्कॅन पडद्यावर लावला आणि विचारलं, "हा कशानं गेला?" प्रबोध म्हणाला, "मम्प्स." त्या म्हणाल्या, "मम्प्सनं आतली नस जाते. तुमची नस शाबूत आहे. कानाचा पडदा फाटून कसातरी भरून आलाय आणि आतली हाडं जागेवरून निसटलीत. कोणी जोरात मारलं होतं का? उघड्या हातानं, कानावर? एकदाच नाही, पुन्हा पुन्हा?" प्रबोध म्हणाला, "लहानपणीचं काही आठवत नाही."

त्यांनी आग्रह केला नाही. ऑपरेशन करून हाडं जोडता येतील, खात्री देत नाही पण बरंच ऐकू येईल, तेव्हाच केलं असतं तर याहून सोपं होतं, एवढं सांगितलं. सोमवारी कळवा म्हणाल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "कोणी मारलं?"

"कोणी नाही."

"मग ऑपरेशन करू या."

"नको."

"का नको?"

"इतकी वर्षं चाललंय ना?"

मी फटकळ आहे, मला कोणी शांत म्हणणार नाही. आठवडाभर मी ओरडले, रडले, अबोला धरला. त्याला ऐकू यावं, एवढंच मला हवं होतं. उजवा गेल्यावर माझ्याशी बोलणार कसा, असं विचारलं तर म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू. माणूस दगड असतो म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं.

तो रविवार नेमका उद्धवकडचा निघाला. आम्ही उशिरा पोचलो. भिंतीकडची खुर्ची निशिकांतनं आधीच अडवली होती, त्यामुळे प्रबोधला उद्धवच्या शेजारी बसावं लागलं आणि त्याचा डावा कान उद्धवकडे आला. बिर्याणी झाली, मीनलनं, म्हणजे उद्धवच्या बायकोनं, केलेल्या सुरळीच्या वड्या झाल्या. खुर्च्या गोल झाल्या. दोघांच्या गोष्टी झाल्या. मग उद्धव मांडीवर थाप मारून म्हणाला, "सातवी अ मधला तो रिपीट आठवतो का रे?"

निशिकांत आधीच हसायला लागला.

"फादर डिमेलोंचा हात म्हणजे फळी," उद्धव आम्हा बायकांना समजावून सांगायला लागला. "सकाळच्या प्रार्थनेत एक पोरगं जांभई देताना सापडलं. फादरांनी दिली एक कानाखाली. पोरगं लोळलंच. दुसऱ्या दिवसापासून हजेरीला फादर नाव घेतात आणि हा गप्प! फादर येतात, अजून एक देतात. हा म्हणतो, 'पार्डन, फादर?' की अजून एक! रोज! फादरांना वाटायचं, मुद्दाम करतोय. आम्ही त्याचं नावच रिपीट ठेवलं. आणि आम्ही तरी कमी होतो का? याच्या डाव्या कानाशी जायचं आणि वाटेल ते बोलायचं. आईवरून, बहिणीवरून. आणि हा आपला समोर बघून हसतोय!"

सगळे हसले. निशिकांत खोकेपर्यंत हसला. "कोण होता रे तो?" कोणीतरी विचारलं. "काय माहीत," उद्धव म्हणाला. "सत्तर पोरं वर्गात. आठवीत तुकड्या बदलल्या, मग कुठे गेला कोण जाणे."

मी प्रबोधकडे बघितलं. त्यानं एकदा गोल चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि तोही हसला. छान, मोकळं, किंचित उशिरा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरीणबाईंचा प्रश्न, सासूबाईंचे सुजलेले गाल दाखवणारे हात, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. गाल सुजलेले होते, ते खोटं नव्हतं. मी उठून उभी राहिले.

"उद्धव, तो मुलगा कुठे गेला नाही. तुमच्या शेजारी बसलाय. आणि तुम्ही आत्ता काय सांगितलंत ते त्याला ऐकू आलेलं नाही, म्हणून तो हसतोय."

प्रबोधच्या चेहऱ्यावर हसू अजून होतंच. तो उजवीकडे वळून निशिकांतला विचारत होता, "काय झालं? काय म्हणाली ही?" निशिकांतनं मान खाली घातली. प्रबोधनं सगळ्यांकडे बघितलं. "अरे, काय म्हणाली?" पाच-सहा शिकलेसवरलेले पुरुष बसले होते, पण ते वाक्य पुन्हा उच्चारायची एकाचीही छाती झाली नाही.

उद्धवचा चेहरा उतरला होता. वाईट माणूस नाही तो. त्याला काय करावं ते सुचेना म्हणून त्यानं प्रबोधच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. प्रबोधला तो हात येताना दिसला नव्हता. तो खुर्चीत अंग चोरून आक्रसला आणि त्याचा डावा हात कोपरापासून वर गेला, चेहऱ्याच्या आड. बेचाळीस वर्षांचा माणूस, बँकेत मोठ्या हुद्द्यावरचा. उद्धवनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"वहिनी, आम्ही लहान होतो हो," तो मला म्हणाला.

"तोही लहानच होता," मी म्हटलं. मग मीनल आइस्क्रीम घेऊन आली आणि आम्ही निघालो.

क्वीन्सटाउनला आम्ही एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, आलो. तिच्या खडखडाटात त्याला ऐकू येत नाही, म्हणून बोलायचं मी घरापर्यंत ठेवलं. आमच्या ब्लॉकखाली मोकळ्या जागेत दगडी बाकं आहेत, संध्याकाळी म्हातारे बसतात. तिथे मी त्याला बसवलं, उजव्या बाजूला बसले आणि उद्धवची गोष्ट सगळी सांगितली. काही गाळलं नाही. तो ऐकत होता आणि समोर सायकल शिकणाऱ्या मुलीकडे बघत होता.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वीही सांगितली होती त्यानं. तू नव्हतीस तेव्हा. तो माझ्या उजवीकडे बसला होता."

"मग तू काय केलंस?"

"हसलो."

मी विचारलं, "आईंना माहीत होतं?"

"आईनंच शिकवलं ना. कॉन्व्हेंटात प्रवेश मिळवायला बाबांनी किती जणांचे उंबरे झिजवले होते. फादरांचं नाव घेतलं तर शाळेतून माझं नाव काढून टाकतील. आई म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, गालगुंड म्हणून सांग. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, मग इलाज नाही. मग मलाही तेच खरं वाटायला लागलं. गालगुंडांत कोणाचा दोष नसतो."

मी त्याचा हात धरला. आठवडाभराचा राग होता, तो आता कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. "ऐक," मी म्हटलं. "झालं ते झालं. फादर मेले असतील एव्हाना. आता कान नीट होतोय तर होऊ दे. घाबरू नकोस."

"ऑपरेशनला नाही घाबरत मी."

"मग?"

"डाव्या बाजूनं काय बोलायचे ते मला शाळेत कधीच कळलं नाही, विनीता. वर्षभर. ते हसताना दिसायचे, तेवढंच. मला वाटायचं, काहीतरी साधंच असेल, चिडवत असतील. म्हणून मी शाळेत जाऊ शकलो. पुढेही जिथे जिथे गेलो, तिथे डावीकडून काय म्हणतात ते मला कळत नाही, म्हणून मी सगळ्यांत बसतो, सगळ्यांशी बोलतो."

"आता कोण काय म्हणणार आहे तुला? शाळा संपली रे."

तो माझ्याकडे वळला. रागावलेला नव्हता, मला समजावत होता, अवनीला गणित समजावतो तसा.

"आज तू ऐकलंस ना?" तो म्हणाला. "कसं वाटलं तुला? मग तेच मीही ऐकायचं?"

तिच्यायला, असं कोणी विचारतं का बायकोला. मी तिथेच रडले. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

सोमवारी हॉस्पिटलला फोन मीच केला. ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. पलीकडच्या मुलीनं कारण विचारलं तेव्हा म्हटलं, पेशंट तयार नाही. पाच-सात वर्षांत त्याला माझाही आवाज येणार नाही, हे मला फोन धरलेला असतानाही माहीत होतं. पण तयार हो, असं त्याला पुन्हा सांगायचा धीर माझ्यात राहिला नव्हता.