माझी कापलेली सोळा पाने

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. माझी पाने पिवळी पडली, पण राग अजून ताजा आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षे झाली होती, तेव्हा पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझी गोष्ट मोठी धावती. एक घातपाती टोळी आगगाडीच्या पुलाखाली सुरुंग लावते, आणि फौजदार दिघे व तारखात्यातली प्रतिमा हे दोघे एका दिवसात तिचा माग काढतात. शाईचा वास जायच्या आत मी मोताळ्याच्या एका लहानशा वाचनालयात येऊन पडले.

तिथे माझे फार कौतुक झाले. मला घरी न्यायला लोकांनी नंबर लावले. पण माझा खरा वाचक कडूबा. तो वांगी-मिरच्या पिकवायचा आणि बाजाराच्या दिवशी विकायला आणायचा. चाळिशी उलटल्यावर तो प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकला होता. माल संपला की हात धुऊन तो वाचनालयातच मला उघडायचा आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायचा. दर बाजाराला दहा पाने. त्याने माझा एक कोपराही कधी दुमडला नाही.

शाळेतल्या शकुंतलाबाई संध्याकाळी वाचनालय सांभाळायच्या. एका बाजारी त्यांच्यासमोरच कडूबा एकशे शहात्तराव्या पानावर पोचला. फौजदार पुलाखाली आडवे पडलेले, गाडीला नऊ मिनिटे उरलेली, आणि टोळीचा म्होरक्या कोण हे कळलेली प्रतिमा स्टेशनाकडे धावत सुटलेली. त्याने पान उलटले. पुढे थेट पुठ्ठा!

“बाई, गाडी वाचली का नाही मंग?” कडूबा कळवळला. “कोनं फाडले हे पानं?”

पाने फाडलेली नव्हती. पात्याने सरळ कापलेली होती. पुरी सोळा.

वाचनालयाचे अध्यक्ष शंकरराव तिथेच वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करताच त्यांनी निकाल दिला, “भाजीवाल्याच्या हाती पुस्तक दिलं की तो पुड्याच बांधणार! आजपासून याला आत घेऊ नका.”

“मी काऊन फाडू, मालक? मले तं पुढचं वाचाचं होतं.”

कोणी ऐकले नाही. कडूबा रिकामी पाटी उचलून निघून गेला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तिथेच ओरडले असते!

शकुंतलाबाईंना ते पटले नाही. पुस्तके घरी नेणाऱ्यांची वही त्यांनी उघडली. कडूबाने मला एकदाही घरी नेले नव्हते. शेवटची सही शंकररावांची होती.

“पानं तुम्ही कापलीत?” बाईंनी समोर जाऊन विचारले.

“कापली आणि बंबात घातली!” शंकरराव उसळले. “त्या गोष्टीत म्होरक्या कोण निघतो? वाचनालयाचा अध्यक्ष! गाव मला हसेल.”

“आणि कडूबा?”

“त्याला भाजी विकता येते की!”

बाई मला घेऊन घरी गेल्या. त्यांनी मला तीनदा वाचले होते. पुढचे तीन रविवार बसून त्यांनी ती सोळा पाने आठवून लिहिली आणि दाभणाने मला शिवली. मग बाजारात जाऊन त्यांनी स्वतः कडूबाला बोलावून आणले.

“मोठ्यानं वाचा,” त्या म्हणाल्या.

कडूबा वाचू लागला. दारात माणसे थांबली. फौजदारांनी सुरुंगाची तार तोडली. गाडी पुलावरून धडधडत निघून गेली. “वाचले बापा सारे!” म्हणून त्याने डोळे पुसले. मग म्होरक्याची ओळ आली. “वाचनालयाचे अ-ध्य-क्ष,” त्याने एकेक अक्षर लावले. दारातून हशा उसळला. शंकरराव वर्तमानपत्राची घडी घालून उठले आणि कडूबाच्या अंगावरूनच निघून गेले. त्याची माफी त्यांनी तेव्हा मागितली नाही, पुढे कधीही मागितली नाही. हे मला आजही सलते.

आता मी कपाटाच्या तळाशी आहे. वाळवी पुठ्ठ्याशी आली आहे. तिच्यावर माझा राग नाही, ती भुकेली आहे. मित्रांनो, मी आवडले नाही तर मिटून ठेवा, हवी तेवढी नावे ठेवा. पण माझे पान कापू नका. आणि कापलेच, तर स्वतःचे नाव सांगा. ते गरिबाच्या माथी मारू नका.