वाटेत उभी

दोन. तळहातातल्या, बाद मोजायच्या इंडिकेटरच्या इवल्याशा खिडकीत आकडा दोनच होता, पण नीट बसलेला नव्हता. वरच्या कडेला एकाचं टोक अजून डोकावत होतं — आणि वांडा ह्रुश्काला काही केल्या आठवेना, की मघाशी ती उंच मुलगी बाद झाल्यावर आपण चाक फिरवलं, की फिरवायचं म्हणून अंगठा नुसता टेकवला आणि मन भलतीकडेच गेलं. सत्तावन्नाची बाई, निम्मं आयुष्य या मातीत पंच म्हणून उभं राहण्यात गेलेलं, आणि किती बाद ते आठवू नये! होममागे उभ्या असलेल्या दुसऱ्या पंचानं, मर्ल ऑटेनं, मुखवटा वर सरकवला आणि तर्जनी-करंगळी उभी करून तिला खूण केली: दोन बाद. तिनंही झटकन तशीच बोटं दाखवली, जसं काही तिला ठाऊकच होतं.

सॉफ्टबॉलच्या मॅचचा शेवटचा डाव. धावा बरोबरीत. ऑर्लनची एक मुलगी पहिल्या बेसवर, लांब वेणीची. ती तिन्ही बेस पार करून होमला, बॅटवालीच्या जागी, पोचली की ऑर्लनच्या मुली राज्य स्पर्धेला जाणार आणि हॅविलंडच्या मुली सोमवारी गणवेश धुऊन शाळेत जमा करणार. त्यातल्या बारावीतल्यांना तो पुन्हा मिळायचा नाही. नाही पोचली, तिसरी बाद झाली, तर आणखी एक डाव, आणि मग देव जाणे. कुंपणापलीकडे कुणाचं तरी सोयाबीन कापणं चाललं होतं, त्याची धूळ वाऱ्याबरोबर मैदानावर येत होती आणि वांडाचे डोळे सकाळपासून चुरचुरत होते.

"ओ ब्ल्यू! उभ्या उभ्या झोप लागली का?" हॅविलंडच्या आयांपैकी कुणीतरी ओरडली. "उशी पाठवू?"

पंचाला इथे नावानं कुणी हाक मारत नाही. निळा शर्ट अंगात घातला की बाई असो, बुवा असो, तो ब्ल्यू. आणि खरं तर वांडाला तेच आवडायचं — शनिवारचे दोन तास आपण कुणाची मुलगी नाही, कुणाची बहीण नाही. मागच्या रविवारपासून मात्र शर्ट चढवला तरी बहीण काही अंगातून उतरत नव्हती.

आर्डिसचा फोन. डेन्व्हरहून दर रविवारी येतो तसाच आला होता, हवा, गुडघे, तिच्या मुलाची नवी नोकरी... आणि मध्येच, आवाज जराही न बदलता: "वँडी, एक विचारू? तू त्या दिवशी थांब म्हणाली नसतीस, तर मी पोचले असते का गं?"

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. फेब्रुवारीत डॅड गेले तेव्हा आर्डिस तिथे नव्हती. आदल्या दुपारी तिनं फोन केला तेव्हा बर्फ नुकतं भुरभुरायला लागलं होतं, आणि वांडा म्हणाली होती, इतकी काही घाई नाही, आज सूप प्यायलेत, बर्फ थांबू दे, उद्या नीट ये. मग बर्फामुळे हायवे बंद करायची फाटकं पाडली गेली, आणि डॅडनी उद्याची वाट बघितली नाही. डेन्व्हरहून चार तासांचा रस्ता. फाटकं नक्की कधी पडली, हे रस्ते खात्याला एक फोन केला असता तरी कळलं असतं. फेब्रुवारी जाऊन ऑक्टोबर आला, वांडानं तो फोन केला नव्हता.

"मी येऊ नकोस असं म्हटलंच नव्हतं," ती रविवारी म्हणाली.

"नाहीच म्हटलंस. मी भांडत नाहीये गं. तू तिथे होतीस म्हणून तुला विचारतेय. आणखी कुणाला विचारू?"

ओव्हनमध्ये काहीतरी ठेवलंय असं सांगून वांडानं फोन ठेवला. ओव्हन थंड होता. मग तिनं तो खरंच पेटवला, आणि आत काय ठेवायचं ते सुचेना म्हणून पुन्हा बंद केला.

चेंडू — अगं बाई, चेंडू!

बॅटचा तो भरलेला, मोकळा आवाज, आणि चेंडू डावीकडच्या दोघींच्या मधून थेट कुंपणाकडे. वांडा वळली. बेसवरच्या पंचानं चेंडू बघायचा नसतो, चेंडू बघायला अख्खं गाव आलेलं असतं. पंचानं पावलं बघायची. वेणीवाली दुसऱ्या बेसचा कोपरा पायाखाली घेऊन तिसऱ्याकडे वळली, आणि तिथे हॅविलंडची शॉर्टस्टॉप, त्या दोन बेसमधली जागा राखणारी, उभी होती. डेलनी. नाव कळलं होतं कारण तिच्या मैत्रिणी सकाळपासून डेलनी, डेलनी करून घसा फोडत होत्या. खरं तर तिनं गवताकडे पळायला हवं होतं, लांबून येणारी फेक मध्ये झेलायला. पण ती नुसती उभी राहिली होती, धावायच्या वाटेवर, पाठ करून, हात सैल सोडून, चेंडू कुठवर गेला ते बघत — लहान मूल आगगाडी बघतं तशी. वेणीवाली तिच्यापर्यंत आली. धक्का लागला नाही. बाहेरून वळसा घालून ती पुढे गेली. एक पाऊल, दीड पाऊल वाया, आणि पुन्हा वेग.

आणि वांडाचा डावा हात आडवा झाला होता, मूठ वळलेली. तिनं तो उचलला नव्हता. उचललेला तिला दिसला.

अडथळ्याचं हे असंच आहे. खेळ थांबवायचा नाही. पंचानं डावा हात आडवा धरून ठेवायचा आणि चालू द्यायचं — धावू दे, फेकू दे, किंचाळू दे, ज्याचं जे व्हायचं ते होऊ दे — आणि सगळं संपल्यावर सांगायचं, की ती वाटेत नसती तर ही कुठवर पोचली असती. झालेलं सांगायचं नसतं, ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. न झालेलं सांगायचं. मुद्दाम की चुकून, हे नियम विचारत नाही. तुझ्या हातात चेंडू नव्हता, चेंडू अडवायच्या बेतातही तू नव्हतीस, आणि तू वाटेत होतीस: मिटलं. नव्या पंचांना शिकवताना वांडा हे किती सहज सांगायची, वर हसायचीसुद्धा.

तिसरा बेस. ऑर्लनचा प्रशिक्षक हात गरगर फिरवतोय, जा, जा. वेणीवाली जातेय, चेंडू येतोय, कॅचर गुडघ्यावर, धूळ... मर्लची मूठ वर. "आउट!"

हॅविलंडच्या बाजूनं आनंदाची किंकाळी उठली, आणि तिच्यावरून वांडाचा आवाज, जो तिला स्वतःलाच परका वाटला: "डेड बॉल! अडथळा!"

मग सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कसला अडथळा?" हॅविलंडचा प्रशिक्षक बोमन, टोपी हातात चुरगळत, धावतच आला. "बाई, माझ्या पोरीनं काय केलं ते सांगा! हात लावला? पाय घातला? नुसती उभी होती ती!"

"तेच ना, मिस्टर बोमन."

"आणि ती वेणीवाली आपणहून थबकली, ते नाही दिसलं? मान वळवून चेंडू शोधत होती. मी इथून बघितलंय. आधी थबकली, मग वळसा घातला. तिच्या थबकण्याचं खापर आमच्या डेलनीवर का म्हणून?"

आधी थबकली? वांडानं ते पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. वेणी उजव्या खांद्यावरून उडतेय, पुढे डेलनीची पाठ, पाय आडवा पडतो, वळसा — बरोबर. पुन्हा आणलं: वेणी डाव्या खांद्यावर, म्हणजे मान वळली होती, म्हणजे ती चेंडू बघत होती, मग पाय, मग पाठ... हेही बरोबर. तिसऱ्यांदा आणलं तर वेणीच नव्हती, आर्डिसचे लहानपणचे कापलेले केस होते. ती आपणहून थबकली! निघायचं ज्याला असतं तो निघतो. चाळिशी ओलांडलेली बाई, स्वतःची गाडी, स्वतःचा बाप — मला कशाला विचारायचं? मी काय फाटक होते? वांडाला रागाची अशी तिडीक आली की कान तापले. रस्ता निसरडा होता म्हणून मी थांब म्हटलं. तिच्या काळजीनं म्हटलं. की... वर्षभर गोळ्या मी दिल्या, चादरी मी बदलल्या, आणि ती दारात पाऊल टाकणार आणि डॅडचा चेहरा उजळणार, आमची आर्डिस आली! तेवढे दोन दिवस मला एकटीला हवे होते की काय? हे कुठून आलं? असं मला तेव्हा वाटलं होतं की आत्ता वाटतंय? रस्ता निसरडा होता. तो निसरडाच होता.

मर्ल मुखवटा काखेत मारून शांतपणे चालत आला आणि त्यानं बोमनला दहा पावलं लांब पाठवलं.

"वीतभर राहिली होती ती," तो हळूच म्हणाला. "तेवढ्यावरून बाद झाली. हे माझं. बाकीचं तुझं. कुठवर देतेस?"

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटायचं नसतं. हात तुझा वर होता."

"मर्ल, ती आधी थबकली का रे?"

"मी चेंडू बघत होतो, वांडा. तिसऱ्यापर्यंतच दिलंस, तर बाद ती बादच आणि आणखी एक डाव. होम दिलंस तर संपलं. पण दे काहीतरी. घरी जेवण निवतंय, आणि बायको त्याचं खापर मॅचवर फोडत नाही, माझ्यावर फोडते."

एक वीत राहिली होती, आणि वाटेत दीड पाऊल गेलं होतं. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं, दहा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं — पण ते दीड पाऊल नक्की कुणी घेतलं हे ठरलं तरच. नाहीतर कशाला काही अर्थ नव्हता. दोन्ही बाजूंच्या आया उभ्या राहिल्या होत्या. तिचा हात अजून आडवाच होता, खांद्यातून दुखायला लागला होता, आणि तो खाली घ्यायचा तर तोंड उघडावं लागणार होतं.

"होम," ती म्हणाली. "ती पोचली असती."

आपण कुणाबद्दल बोलतोय हे ते वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिला माहीत होतं. बाहेर पडल्यावर तितकंसं माहीत राहिलं नाही.

ऑर्लनच्या मुलींचा ढीग होमवर कोसळला. पलीकडून शिव्या आल्या, "आंधळी" आली, कुणीतरी अर्धं खाल्लेलं मक्याचं कणीस कुंपणावर मारलं. हे सगळं सवयीचं होतं. सवयीची नव्हती ती डेलनी, जी हस्तांदोलनाच्या रांगेतून बाहेर पडून सरळ वांडाकडे आली, गालांवर धुळीचे ओघळ, श्वास लागलेला.

"मी बघितलंच नाही तिला, ब्ल्यू. आईशपथ. मी चेंडू बघत होते."

"माहीत आहे मला."

"मग?"

नियमात याचं उत्तर होतं, आणि वांडाला तो शब्दन्‌शब्द पाठ होता. तिला त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण पंचानं खेळाडूला हात लावायचा नसतो, म्हणून तिनं स्वतःचाच दुखरा खांदा धरला. मग हॅविलंडच्या मुली येऊन डेलनीला घेऊन गेल्या.

मॅच संपली की पंचांनी रेंगाळायचं नाही, आया गाड्यांपर्यंत पोचायच्या आत आपण फाटकाबाहेर पडायचं, हे मर्लचं नेहमीचं टुमणं. तो कुंपणाच्या कडेनं पिशवी आणायला गेला. वांडाही निघाली, पण कडेनं नाही. मैदान ओलांडून, दुसऱ्या बेसवरून, तिसऱ्याच्या दिशेनं... आणि मध्येच उभी राहिली.

इथेच. मातीत टाचांच्या दोन खुणा, चांगल्या खोल. बराच वेळ उभी होती म्हणजे पोरगी. वांडानं त्या खुणांवर आपले बूट ठेवले, पाठ दुसऱ्या बेसकडे, तोंड दूरच्या कुंपणाकडे, आणि तिला एकदम हलकं वाटलं. दिसत नाही! इथून मागचं काहीच दिसत नाही. कोण येतंय, किती वेगानं येतंय, डेलनीला कळणार कसं? खरं बोलत होती ती. मीही खरंच बोलले होते. फोनवर कुठे माणूस दिसतं? मला काय कल्पना आर्डिस कुठे उभी होती, अंगावर काय होतं... हसू येईल इतकं तिला बरं वाटलं.

मागे माती करकरली. मर्लच होता, चाल ओळखीची. अजून लांब होता, पण एकेक पाऊल वेगळं ऐकू येत होतं, आणि हातात गाडीच्या किल्ल्या वाजत होत्या. म्हणजे इथे दिसत नाही, पण ऐकू येतं.

किल्ल्या.

त्या दुपारी आर्डिस बोलत होती तेव्हा तिच्या आवाजामागे असंच काहीतरी किणकिणत होतं. ती येऊ का म्हणून विचारत नव्हती. ती निघालीच होती, कोट घालून दारात उभी होती, आणि ते ऐकून मी म्हणाले, इतकी काही घाई नाही... ऐकून? की मर्लच्या किल्ल्या मीच आत्ता नेऊन तिच्या हातात देतेय? वांडानं डोळे मिटून पुन्हा कान दिला. एकदा किणकिण आली. एकदा नुसताच वारा, आणि डॅडच्या खोलीतल्या हीटरची घरघर. तिसऱ्यांदा दोन्ही एकदम आलं.

पावलं जवळ येत होती. आपण वाटेत उभ्या आहोत एवढं तिला कळत होतं. कुठल्या बाजूला सरकायचं, ते कळेना.