गिरिधर गुरुजींच्या व्याख्यानाचा तर्जुमा

व्याख्यानाची परवानगी यायला एकवीस दिवस लागले, आणि ती आली त्याच दिवशी श्रीपतीलाही हुकूम आला.

जालन्यात मस्तगडच्या वाचनालयात गिरिधर गुरुजी बोलणार होते. विषय होता, 'अबिसीनियाची लढाई : साम्राज्यशाही आणि जगाची सत्ता'. अटी नेहमीच्याच होत्या. रियासतीच्या कारभाराबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, धर्माबद्दल बोलायचं नाही, दिवस मावळायच्या आत सभा उठवायची. शिवाय पोलिसांचा माणूस बसून लिहून घेणार आणि त्याचा उर्दू तर्जुमा दाखल होणार. पोलिसांचा मराठी जाणणारा मुन्शी तापानं आडवा झाला होता, म्हणून पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी तहसील कचेरीतून श्रीपतीला मागून घेतलं.

"मुन्शीजी, सिर्फ काम की बातें लिखना. पूरा पुराण नको," अमीनसाहेब म्हणाले. "और सुबह दस बजे कागज मेरे सामने होना."

श्रीपती 'जी' म्हणाला. दुसरं काही म्हणण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. सव्वीस वर्षांचा हा कारकून. शेतसाऱ्याचे कागद आणि वारसाचे अर्ज यांत त्याचा दिवस जायचा. बाप मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आईनं त्याला वाटूरहून जालन्याला शिकायला पाठवलं आणि सात घरी वार लावून दिले. सोमवार गिरिधर गुरुजींचा होता. वर्षभरात बाकीचे सहा वार कधी सुटले ते त्याचं त्यालाच कळलं नाही. उषाकाकू रोजच त्याचं पान मांडू लागल्या होत्या. गुरुजींना मूलबाळ नव्हतं.

म्हणून त्या संध्याकाळी तो सरळ गुरुजींकडे गेला. गुरुजी जमिनीवर मांजरपाट पसरून आफ्रिकेचा नकाशा काढत बसले होते. शाळेची नोकरी सुटून त्यांना चार वर्षं झाली होती, पण बोटांना खडूची सवय तशीच होती.

"गुरुजी, उद्या लिहून घ्यायला मला बसवून राह्यलेत," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

गुरुजींनी मान वर केली नाही. नाईल नदीची रेघ पुरी केली, मग म्हणाले, "चांगलं झालं की. दुसरा कुणी असता तर माझ्या तोंडी भलतंच घातलं असतं. तू बराबर लिहिशील."

"मला नकोसं वाटतंय."

"मला हवंसं वाटतंय, मंग?" गुरुजी हसले. "जे बोलेन ते लिही. लपवू नकोस, वाढवू नकोस. जेवून जा."

उषाकाकूंनी ज्वारीची भाकरी आणि मेथी वाढली. तारा कशी आहे, कितवा महिना, उलट्या थांबल्या का, हे विचारलं. तारा म्हणजे श्रीपतीची बायको. तिला सहावा लागला होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वाचनालयाची खोली भरून गेली. साठएक माणसं असतील. दुकानदार होते, दोन वकील होते, जिनात कापसाची गाडी खाली करून तसाच आलेला वाटूरचा कडूबाही होता, त्याच्या मुंडाशाला अजून कापूस चिकटलेला. श्रीपतीला भिंतीशी एक चौरंग दिला होता. लोक येताना त्याच्याकडे बघत आणि जरा लांब बसत. त्यांतले निम्मे त्याला एरवी वाटेत थांबवून ख्यालीखुशाली विचारणारे होते.

गुरुजी संथ बोलले. अबिसीनिया कुठे आहे, तिथले लोक काय पिकवतात, इटलीचं सैन्य कोणत्या बंदरात उतरलं, विमानातून विषारी वायू टाकण्याचं बोलणं कसं चाललंय, हे त्यांनी काठीनं दाखवत सांगितलं. मग काठी खाली ठेवली.

"साम्राज्यशाही आधी रस्ता बांधून देते," ते म्हणाले, "आणि मग त्या रस्त्यावरचं गाव घेते. तिला परवानगी मागणारा माणूस आवडतो, प्रश्न विचारणारा आवडत नाही."

परवानगीचा शब्द निघाला तशी खोलीत हलकीशी खसखस पिकली. श्रीपतीनं ते वाक्य लिहिलं. खसखस लिहिली नाही.

"आणि कुठलीच साम्राज्यशाही कायमची नसते. तिला वाटतं आपण आभाळासारखे आहोत. पण ती माणसांच्या खांद्यावर उभी असते, आणि खांदे एक दिवस थकतात."

शेवटी कडूबा उठला. "गुरुजी, त्या इटलीवाल्याला घरी जमीन न्हाई का?"

"आहे की."

"मंग?"

"त्याला वाटतं, कमी आहे."

लोक हसले. कडूबा हसला नाही. "आन् जगातले बाकीचे मोठे राजे काय करून राह्यलेत?"

"ठराव करून राह्यलेत," गुरुजी म्हणाले. या वेळी कुणीच हसलं नाही. ऊन खिडकीवरून उतरायच्या आत सभा उठली.

सकाळी सातला श्रीपती कचेरीत जाऊन बसला. बोटं गारठली होती. तर्जुमा भराभर झाला, पण एका शब्दाशी लेखणी थांबली. साम्राज्यशाहीला उर्दूत काय म्हणायचं? कचेरीची उर्दू त्याला तोंडपाठ होती. पण इतक्या वर्षांच्या अर्जांतून हा शब्द कधी त्याच्यासमोर आलाच नव्हता. त्यानं दोन वेळा रिकामी जागा सोडली, पुढे गेला, परत आला. उर्दू मदरशातले बुजुर्ग मौलवीसाहेब दहा मिनिटांच्या वाटेवर राहत. विचारून यावं असं मनात आलंही. तेवढ्यात अमीनसाहेबांचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. "जल्दी करो मुन्शीजी, साहब बैठे हैं."

श्रीपतीनं सगळ्या रिकाम्या जागी 'सल्तनत' लिहिलं. साम्राज्य म्हणजे सल्तनतच की, असं त्याला वाटलं. काम की बातें तेवढ्याच मागितल्या होत्या, म्हणून नकाशा, बंदर, विमानं हे सारं त्यानं दोन ओळींत आटोपलं होतं. खाली सही केली. गुरुजींचं एकही वाक्य आपण वाकवलं नाही, या समाधानात तो घरी जाऊन जेवला.

नवव्या दिवशी वाचनालयाला कुलूप लागलं आणि गुरुजींना घेऊन गेले. का नेलं ते कुणाला कळेना. श्रीपतीला कळलं ते मुन्सिफसाहेबांपुढे, सही ओळखायला उभं केलं तेव्हा. पेशकारानं मोठ्यानं वाचून दाखवलं: सल्तनत पहले सडक बनाती है, फिर गांव छीन लेती है. सल्तनत को इजाजत मांगनेवाला पसंद है, सवाल करनेवाला नहीं. कोई सल्तनत हमेशा नहीं रहती.

या मुलखात सल्तनत एकच होती, ती इथल्या रियासतीची. तिचं नाव शाळेच्या प्रार्थनेत होतं, तिची मोहर प्रत्येक कागदावर होती.

"तर्जुमा तुमचा?" मुन्सिफसाहेबांनी विचारलं.

"जी. पण साहेब, एक लफ्ज चुकला. गुरुजी इटलीबद्दल बोलत होते."

"कौनसा लफ्ज?"

श्रीपतीनं सांगितलं. मुन्सिफसाहेबांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत. नीट समजावून सांगावं तसं बोलले. "सरकारी कागदावर तुमची सही आहे. तो कागद खोटा असेल तर तुम्ही खोटा कागद दाखल केला. खरा असेल तर आत्ता खोटं बोलताय. दोन्हींची सजा आहे. विचार करून सांगा."

श्रीपतीला तारा दिसली, कमरेवर हात टेकून चुलीपुढून उठणारी. तेवढ्यात पलीकडे आरोपीच्या पिंजऱ्यातून गुरुजींचा आवाज आला.

"तर्जुमा बराबर आहे. मी बोललो तेच त्यानं लिहिलंय."

"गुरुजी—"

"तू गप बस," गुरुजी म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच.

श्रीपती गप्प बसला. गुरुजींना एक वर्षाची सजा झाली.

कोर्टातून निघून तो मौलवीसाहेबांकडे गेला. म्हातारा ओट्यावर उन्हात बसला होता. श्रीपतीनं विचारलं, एका मुलखानं दुसऱ्या मुलखांवर ताबा करायचा, या साऱ्या प्रकाराला काय म्हणतात? मौलवीसाहेबांना विचारही करावा लागला नाही.

"शहंशाहियत. अखबारात रोज येतो की. क्यों?"

"एका कागदात लिहायचा होता," श्रीपती म्हणाला.

तीन महिन्यांनी औरंगाबादच्या तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली. उषाकाकूंबरोबर तोही गेला. रेल्वेत काकू त्याच्याशी बोलल्या, पण नुसत्या कामापुरत्या. पाणी दे, गाठोडं उचल. गुरुजी गजांपलीकडे आले तेव्हा त्यांची गळ्याची हाडं वर आली होती. बोलताना मधेच खोकत होते. काकूंचं बोलून झाल्यावर श्रीपती पुढं झाला. तर्जुमा बराबर आहे असं आपण का म्हणालात, एवढंच त्याला विचारायचं होतं. तो गज धरून उभा राहिला.

"मी तुला इतिहास शिकवला, भूगोल शिकवला," गुरुजी म्हणाले. "उर्दू मला स्वतःलाच धड येत न्हाई. तुझी चूक किती आणि माझी किती, हे मोजत बसू नकोस."

"मी चार पावलं चालून विचारून आलो असतो तर..."

"हो," गुरुजी म्हणाले. "आला असतास तर बरं झालं असतं."

त्यांनी ते खोटं पाडलं नाही. श्रीपतीला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं की त्यांनी तेवढं एक खोटं बोलायला हवं होतं.

मग शिपायानं वेळ झाली म्हणून सांगितलं. गुरुजी जाता जाता वळले. "लोक हसले होते बघ परवानगीच्या शब्दाला. ते काही इटलीला हसले नव्हते. मलाही ते ठाऊक होतं." आणि खोकत आत गेले.

आठव्या महिन्यात त्यांना सोडलं, कारण ठेवून उपयोग नव्हता. घरी आणल्यावर ते सतरा दिवस जगले. शेवटचे तीन दिवस ते कुणाला ओळखत नव्हते. श्रीपती रोज कचेरी सुटली की जाऊन ओसरीवर बसायचा. आत ये असं काकू म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत. अंत्ययात्रेला वीस-बावीस माणसं आली. बरेच जण दारं लोटून आतूनच बघत होते. खांदा द्यायला श्रीपती पुढं सरकला तेव्हा एक वकील त्याच्याकडे बघून बाजूला झाला, म्हणून त्याला जागा मिळाली.

तेराव्यानंतर काकूंचे मंठ्याचे भाऊ बद्रीनाथ गाडी घेऊन आले. जालन्यात राहून काकू खाणार काय? श्रीपतीनं दोनदा धान्य पाठवलं होतं, दोन्ही वेळा ते दारातूनच परत आलं होतं. तरी त्या सकाळी तो गेला. काकूंनी त्याला पाहिलं आणि तांब्याच्या हंड्याकडे बोट दाखवलं. त्यानं हंडा उचलून गाडीत ठेवला. मग जातं, मग अंथरुणाची वळकटी, मग पुस्तकांची पेटी. पेटी जड होती, बद्रीनाथ हात लावायला आले तर काकू म्हणाल्या, "राहू द्या. त्याला लहानपणापासून सवय आहे ती उचलायची."

गाडी भरली. काकू मागच्या बाजूला, पेटीला पाठ लावून बसल्या. श्रीपती खाली उभा होता. पाया पडावं तर त्या वर होत्या.

"ताराला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मुलगी. सहा महिन्यांची होईल आता."

"अंगावर पिते नीट?"

"हो."

काकूंनी मान हलवली. पदर डोक्यावर पुढं ओढला. आणखी काही विचारतील म्हणून तो थांबून राहिला, पण बद्रीनाथांनी बैलांना हाळी दिली आणि गाडी हलली. मंठ्याच्या वाटेला लागेपर्यंत काकू त्याच्याकडेच तोंड करून होत्या, कारण बसायची जागाच तशी होती. श्रीपती वळणापर्यंत मागोमाग चालत गेला. मग कचेरीची वेळ झाली होती, म्हणून परतला.