पेजेची निळाई

साय यिंग पून या वस्तीतल्या त्या उन्हाळ्यात दुधाच्या बाटल्या सरकारी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोमट होऊन जात. एकशेबारा क्रमांकाच्या बाटलीतल्या थोड्या दुधात प्रयोगशाळेतला मदतनीस माक वाय-लुनने आयोडीनचे दोन थेंब सोडले, आणि दूध निळे झाले. कच्च्या पिठाची भेसळ असती तर आधी उकळावे लागले असते. हे मात्र उकळलेच नव्हते, तरी रंग लगेच चढला. म्हणजे आत जे होते ते शिजवलेले होते.

पेज. त्याची आईही उन्हाळ्यात धाकट्या बहिणीच्या दुधात निवळ पेज घालीत असे.

"पाणी?" प्रयोगशाळेचे प्रमुख प्रेंटिस साहेबांनी विचारले.

"चौथाई, साहेब. पिष्टही आहे, पण शिजलेलं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला..."

"माक, काय आहे ते लिही. का आहे, ते कोर्ट बघेल."

त्याने लिहिले. बाटलीवर नाव नसते, आणि नाव नसले म्हणजे लिहिणे सोपे जाते, असे त्याला आजवर वाटत आले होते.

खटल्याच्या दिवशी साहेब तापाने अंथरुणाला खिळले आणि अहवाल घेऊन वाय-लुनला जावे लागले. चारचौघांत बोलणे त्याने आजवर टाळले होते. आरोपीच्या पिंजऱ्यात त्या बाटलीची मालकीण, फुंग मावशी, उभी होती. बावीस वर्षे दोन गाई राखून दूध विकणारी ती ठेंगणी बाई. भेसळ सिद्ध झाली की तिचा परवाना जाणार होता.

"दुधात पाणी घातलं, हे कबूल?" दंडाधिकाऱ्यांचा प्रश्न दुभाष्याने विचारला.

"पाणी कशाला घालू? पेज घातली! नमुना घ्यायला इन्स्पेक्टरनं पाठवलेली ती बाई पाठीला लेकरू बांधून आली. लेकराचे गाल उन्हानं टोमॅटोसारखे. नुसतं दूध उष्ण पडतं, एवढं कळत नाही? इन्स्पेक्टर स्वतः मिशा घेऊन आला असता, तर निर्भेळ दिलं असतं."

मागच्या बाकांवर हशा पिकला. इन्स्पेक्टरने मिशीवरचा हात खाली घेतला.

"नमुन्याचे तीन भाग होतात," दंडाधिकारी पुढे म्हणाले. " एक बाटली तुम्हाला दिली होती. ती दुसऱ्या रसायनज्ञाकडून तपासून घेता आली असती. कुठे आहे ती?"

"ती होय? लाखेची मोहोर फोडली आणि शेजारणीच्या नातवाला पाजली. दूध काय कपाटात ठेवायची वस्तू आहे?"

दुभाष्यालाही हसू आवरेना. वाय-लुन मात्र हसला नाही. बाईने स्वतःच्या बचावाचा एकमेव पुरावा एका भुकेल्या पोराच्या पोटात घातला होता.

"मिस्टर माक," दंडाधिकारी त्याच्याकडे वळले, "हे दूध कायद्याने भेसळीचे ठरते?"

"हो." आपलाच आवाज त्याला परका वाटला.

फुंग मावशीने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. ओळखीचा माणूस रस्त्यात तोंड फिरवून गेल्यावर उरते ते होते. दंडाधिकाऱ्यांनी लेखणी उचलली.

"आणखी एक सांगायचंय," वाय-लुन म्हणाला. "अहवालात नाही. मला लिहायचं होतं." "लबाडाला नळाचं पाणी फुकट मिळतं, महाराज. तो तांदूळ घेऊन, कोळसा जाळून पेज शिजवत बसत नाही. हे पिष्ट पूर्ण शिजलेलं होतं. पाणी लपवणारा फार तर कच्चं पीठ ढवळेल. पेज तो मुळीच घालणार नाही."

दंडाधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. मग ताकीद देण्यात आली: परवाना राहील, पण यापुढे मिश्रण विकायचे नाही. दुधाची बाटली वेगळी, पेजेची वेगळी. मिसळायचे ते आईने.

बाहेर पायऱ्यांवर तिने त्याला गाठले.

"आधी 'हो' म्हणालास, पोरा."

"खरं तेच होतं, मावशी."

"नंतरचंही खरंच होतं. तेच आधी सांगायचं ना!" तिने खांद्यावरचे फडके झटकले. "आणि ज्या पोराला आई नाही, त्याचं दूध कोण मिसळणार?"

ती आपल्या गल्लीकडे निघाली, आणि प्रयोगशाळेचा रस्ता उलट दिशेला असूनही तो बरेच अंतर तिच्या मागे चालत गेला.