सातव्या पाण्याआधी

दादाने माझ्या शेडमधली चौदा पोती कोळसा मला न विचारता उचलून नेली, आणि माझं डोकंच फिरलं.

भुईमुगाची टरफलं आम्लात भिजवून, बंद पिंपात भाजून मी हा कोळसा करते. तो पाण्यातला रंग पिऊन टाकतो. पण आधी त्याला सात वेळा धुवावं लागतं. आम्ल लागलं की लाल होणारा निळा कागद सातव्या पाण्यातही निळा राहिला, तरच पोतं बाहेर जातं. ही पोती जेमतेम दोनदा धुतलेली होती. आम्ल आत तसंच.

दादा रंगकारखान्यातला मुख्य रंगारी. तीस वर्षं सगळं नजरेने ओळखून त्याचे डोळे इतके शेफारलेत, की माझा कागद त्याला पोरखेळ वाटतो. त्यात आज कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी.

मी पळत सुटले. कारखान्याच्या सांडपाण्याचा पाट आमच्या गल्लीतून जातो. कधी लाल, कधी निळा. पंधरा वर्षांत त्यात कुणी बोट घातलं नव्हतं. आज तळाचे खडे दिसत होते. बायका बादल्या घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे आई, कोपरापर्यंत हात बुडवून चादरी धूत होती.

"हात बाहेर काढ आधी!"

"अगं, तुझ्याच कोळशाचं पाणी ना हे? जरा चुणचुणतंय, पण साबणच कडक असेल."

मी कागद बुडवला. लालभडक. आईला ओढत नळाखाली बसवलं आणि कारखान्याच्या आवारात घुसले. तपासनीस काचेची बरणी उजेडात धरून मान डोलावत होते. दादाची छाती फुगली होती.

"वाल्व्ह बंद कर. कोळसा धुतलेला नाहीये."

"पाणी बघ की! रंगाचा थेंब तरी दिसतोय का?"

"आम्लाला रंग नसतो रे, शहाण्या!"

"साहेब जाईपर्यंत गप्प बस," तो दातओठ खात म्हणाला. वाल्व्हच्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात होती.

मी गल्लीकडे तोंड करून ओरडले, "पाण्याला हात लावू नका!" बायका हसल्या. "भावाचं नाव झालं, हिच्या पोटात दुखतंय," शेजारीण म्हणाली आणि तिने पिण्याची कळशी पाटात बुडवली.

त्या क्षणी मला दादाचा, त्या बरणीचा, त्या चकचकीत पाण्याचा भयंकर संताप आला. दाराशी लाल रंगाने भरलेला डबा होता. मी तो उचलला आणि पाटाच्या तोंडाशी अख्खा पालथा केला.

पाणी लाल झालं. लाल पाणी गल्लीत शिरलं तशा बायका किंचाळत मागे सरल्या. शेजारणीने कळशी ओतून दिली आणि माझा उद्धार केला. करू दे. हात तर बाहेर निघाले.

"साहेबांसमोर नाक कापलंस माझं!" दादा धावत आला.

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला फरफटत नळापाशी नेलं. "डोळ्यांवर फार भरवसा आहे ना तुझा? मग बघ."

आईने हात पुढे केले. बोटांवर फोड आले होते, तळव्यांची साल निघत होती. लालच्या वीस छटा ओळखणारा माझा भाऊ त्या तळव्यांकडे बघत राहिला.

मग खिशात किल्ली चाचपत तो वाल्व्हच्या खोलीकडे पळाला.